एकट्याच्या हातांनी उभे राहणारे देऊळ

गेल्या अंकात आम्ही स्पेनमधील हुस्तो गायेगो यांच्याविषयी एक टिपण छापले होते. माद्रिदजवळच्या मेखोरादा देल कांपो या गावात त्यांनी जवळपास साठ वर्षे खपून स्वतःच्या हातांनी एक भव्य चर्च उभारले. त्या टिपणावर विदर्भातील खेड्यांमधून इतकी पत्रे आली, की या वेळचा प्रश्नोत्तरांचा सगळा भाग आम्ही याच विषयाला देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे मोठे बाबा सत्तरी ओलांडलेले कास्तकार आहेत. वीस-एक वर्षांपासून ते स्वतःच्या वावरात, धुऱ्याजवळ, एकटेच महादेवाचे मंदिर बांधत आहेत. मजूर लावू देत नाहीत. कपाशीचे पैसे हाती आले की त्यातले निम्मे सिमेंट-गिट्टीत जातात. गावातले काही जण हसतात, काही जण पाया पडतात. आम्ही पुतण्यांनी त्यांना थांबवावे, की हातभार लावावा? गायेगो यांच्या घरच्यांनी काय केले होते?
— एक वाचक, तालुका आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : गायेगो यांचा जन्म १९२५ सालचा, शेतकरी कुटुंबातला. तरुणपणी ते एका मठात दाखल झाले होते. पण क्षयरोग झाल्याने १९६१ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. या आजारातून बरा झालो तर मेरीमातेच्या नावाने देवालय बांधीन, असा त्यांचा नवस होता, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, म्हणजे त्या मातेच्या सणाच्या दिवशी, वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी कामाला सुरुवात केली. वास्तुशास्त्राचे शिक्षण नव्हते, बांधकामाचा परवाना नव्हता, कागदावर काढलेला रीतसर आराखडाही नव्हता. जवळच्या वीटभट्टीने वाकड्या भाजल्या म्हणून टाकून दिलेल्या विटा त्यांनी वापरल्या, तेलाच्या रिकाम्या पिंपांचे साचे करून खांब ओतले, जुन्या चाकांच्या कप्प्या करून माल वर चढवला, आणि पैसा कमी पडला तेव्हा वाट्याला आलेली जमीन विकली. मधला घुमट सुमारे ३५ ते ४० मीटर उंचीपर्यंत पोहोचला. २८ नोव्हेंबर २०२१ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी ते वारले, तेव्हाही काम पूर्ण झालेले नव्हते.

तुमच्या प्रश्नाला लागू पडणारा भाग पुढचा आहे. त्यांनी हे सगळे एकट्याने केले असे जग म्हणते, आणि संकल्प, निर्णय व रोजची मेहनत यांच्यापुरते ते खरेच आहे. तरीही त्यांचे पुतणे-भाचे अधूनमधून कामावर येत, काही स्वयंसेवक येत, आणि पुढच्या काळात गावातलाच एक माणूस वर्षानुवर्षे त्यांच्या हाताखाली राबला. घरच्यांनी त्यांचे काम हिसकावून घेतले नाही. एका माणसाचे काम त्याच्या हयातीत तडीस न्यायचे असेल, तर मला हीच वाट योग्य वाटते. मोठ्या बाबांना थांबवू नका. वीस वर्षे ज्या कामासाठी माणूस पहाटे उठला ते काम काढून घेतले, तर सत्तरीनंतर त्यांच्या दिवसाला आधार कसला उरेल, याचा विचार करा. मात्र कामाचा ताबाही घेऊ नका; चार मजूर आणि मिक्सर लावून दोन महिन्यांत कळस चढवला, तर ते मंदिर तुमचे होईल, त्यांचे राहणार नाही.

हातभार लावायचा तो नेमक्या जागी लावा. परांचीवर चढण्याचे आणि उंचावर माल नेण्याचे काम यापुढे तुमचे, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. वैशाख-ज्येष्ठात सकाळी दहानंतर काम बंद राहील, हेही ठरवा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या स्लॅबवर सत्तरीच्या माणसाने उभे राहणे जिवावर बेतू शकते. पैशाबाबत एकच रेघ आखा : पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताचा आणि घरातल्या औषधपाण्याचा पैसा बाजूला काढल्यावर उरेल तो मंदिराचा. कर्ज काढून बांधकाम होणार नाही, हे सर्वांसमोर एकदा स्पष्ट बोललेले बरे.

आणखी एक काम आजच सुरू करा. गायेगो यांच्या चर्चचा आराखडा मुख्यतः त्यांच्या डोक्यात होता, आणि मोठ्या बाबांचेही बहुधा तसेच असेल. पाया किती खोल गेला, कोणत्या खांबात किती आणि कोणत्या जाडीची सळई घातली, कोणत्या वर्षी कोणता भाग ओतला, हे त्यांना शेजारी बसवून विचारा आणि वहीत लिहून काढा. यापुढे सिमेंट ओतण्याआधी सळईच्या जाळीचे मोबाइलवर फोटो काढत जा. उद्या एखादा अभियंता तपासणीला आला, तर भिंतीच्या आत काय आहे हे सांगणारी तीच एक वही असेल. शिवाय रोज संध्याकाळी अर्धा तास कोणी आपल्या कामाविषयी आदराने विचारते आहे, याचे मोल त्यांना किती वाटेल, हे तुम्हीच पाहाल.

प्रश्न : मी गवंडीकाम करतो. एक माणूस सेंट्रिंगशिवाय एवढा मोठा घुमट कसा बांधू शकतो, हे मला पटत नाही. आमच्याकडे काळ्या जमिनीत साधी खोली बांधली तरी दोन वर्षांत भिंत तडकते. मग अशी बांधकामे टिकतात कशी?
— एक मिस्त्री, तालुका मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : तुमची शंका जाणकाराची आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. कमान आणि घुमट यांत एक मोठा फरक आहे. कमानीचा मधला दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही, म्हणून तिला खालून आधार लागतोच. घुमट मात्र एकावर एक बसवलेल्या कड्यांनी बनतो, आणि प्रत्येक कडे पूर्ण झाले की त्यातल्या विटा एकमेकींना आत पडू देत नाहीत. त्यामुळे एक कडे पुरे करून त्यावर दुसरे, असे चढत गेल्यास खालून पूर्ण सेंट्रिंग न लावताही घुमट उभारता येतो. इटलीतील फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा प्रचंड घुमट १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून आधार न देता असाच उभा राहिला. एकट्या माणसाला हे काम झेपते याचे कारणही यातच आहे : एका वेळी एक वीट, एक घमेले माल, आणि कडे बंद होईपर्यंत धीर. एका माणसाला न उचलणारा दगड जिथे लागतो तिथे एकट्याचे काम अडते. विटेचे अडत नाही.

घुमटाचे खरे दुखणे त्याच्या बुडाशी असते. वजनामुळे अर्धगोल घुमट खालच्या बाजूला फाकू पाहतो. माथ्यापासून साधारण ५२ अंश खाली आल्यानंतरच्या भागात कड्यांवर दाबाऐवजी ताण येतो, आणि वीट व चुना दाब भरपूर सोसतात, ताण फारच थोडा. म्हणून घुमटाच्या तळाला सळईचा अखंड पट्टा, म्हणजेच गोल बीम, द्यावा लागतो. उभ्या भेगा बुडापासून वर जाताना दिसल्या, तर हा पट्टा कमी पडतो आहे असे समजावे. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला असतो आणि भार जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे बाजूला रेटा फारसा येत नाही. तुम्ही मेहकरचे, तेव्हा लोणार तुमच्या हाताशी आहे. दैत्यसूदनाच्या मंदिरात छताकडे पाहत थोडा वेळ थांबा. मिस्त्रीच्या डोळ्यांना तिथे शिकण्यासारखे खूप सापडेल.

काळ्या जमिनीबद्दल तुम्ही लिहिले आहे ते विदर्भातल्या प्रत्येक बांधकामाचे मूळ दुखणे आहे. ही चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. पाया या हलत्या थरात राहिला, तर वरचे बांधकाम कितीही चोख असले तरी भिंत तडकणारच. पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेलाच पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर खड्डे घेऊन त्यांत खांब उतरवावेत आणि जमिनीलगत बीमने ते बांधून घ्यावेत. खोदलेल्या जागेत तीच काळी माती परत न भरता मुरूम भरून ठोकावा. भिंतीभोवती उताराचा पक्का ओटा करून पावसाचे पाणी पायापासून लांब काढावे. पायाशी पिंपळ, वड वाढू देऊ नये. मंदिराजवळ ते लावण्याची हौस असते, पण झाड अंतरावरच हवे.

हौसेने बांधणाऱ्यांच्या आणखी दोन चुका नेहमी दिसतात. सळई सिमेंटच्या बाहेर उघडी राहते, गंजते, गंजून फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. काम वर्षानुवर्षे रेंगाळले की पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया अशाच पावसात सडतात. त्यांना सिमेंटची पातळ खळ फासून ठेवावी किंवा हलक्या मालात झाकून टाकावे. दुसरी चूक पाणी मारण्याची. आपल्याकडच्या उन्हात सकाळी ओतलेला माल दुपारपर्यंत कोरडा पडतो. ओतकाम संध्याकाळी करावे, त्यावर ओली पोती अंथरावीत आणि निदान दहा-बारा दिवस ती वाळू देऊ नयेत.

प्रश्न : माझ्या यजमानांनी देवीच्या मंदिरासाठी आयुष्य वाहून घेतले आहे. लोक त्यांना महाराज म्हणू लागले आहेत. वावर मी पाहिले, मुलींची लग्ने मी केली, निंदणाला मजुरीने मी गेले. त्यांच्या कामाबद्दल मला राग नाही, पण या सगळ्यात माझे काय, असा प्रश्न रात्री पडतो. असे विचारणे पाप आहे का?
— एक भगिनी, तालुका मंगरुळपीर, जि. वाशिम

उत्तर : ताई, असे विचारणे पाप नाही. हा प्रश्न फार आधी आणि तुमच्याऐवजी इतरांनी विचारायला हवा होता.

गायेगो अविवाहित होते. त्यांच्या नवसाची किंमत त्यांनी स्वतःच मोजली. फ्रान्समध्ये फर्दिनां शव्हाल नावाचे एक पोस्टमन होऊन गेले. रोज सुमारे तीस किलोमीटरची पायपीट करून टपाल वाटताना ते वाटेतले दगड वेचत आणि त्या दगडांतून त्यांनी १८७९ ते १९१२ अशी तेहेतीस वर्षे एक महाल बांधला. त्याच्या एका बाजूला हिंदू देवळाची आणि मशिदीची प्रतिकृतीही आहे. ती त्यांनी चित्रे पाहून घडवली. मला त्यांच्याविषयी सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की बांधकामासाठी त्यांनी नोकरी सोडली नाही. टपालाचा पगार घरी येत राहिला आणि महालाचे काम कंदिलाच्या उजेडात रात्री चालले. आर्मेनियातील आरिंज गावच्या लेव्होन अराकेल्यान यांची हकीकत तुम्हाला अधिक जवळची वाटेल. बटाटे ठेवायला घराखाली तळघर खणून द्या, असे १९८५ मध्ये पत्नीने सांगितले. ते खणायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. छिन्नी-हातोड्याने तेवीस वर्षे दगड फोडून त्यांनी जमिनीखाली देवळासारखी दालने आणि जिने कोरले. २००८ मध्ये ते वारले. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते सगळे दाखवण्याचे आणि जपण्याचे काम त्यांच्या पत्नीच्याच अंगावर आले.

अशा प्रत्येक कामामागे कोणीतरी चूल पेटती ठेवलेली असते, आणि त्या माणसाचे नाव कोनशिलेवर नसते. माझे मत स्पष्ट आहे : एकाने केलेल्या संकल्पासाठी दुसऱ्याचे आयुष्य त्याला न विचारता खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग तो संकल्प देवासाठी असला तरी. तुमच्या यजमानांनी तुमची भाकरी खाऊन भिंत उचलली असेल, तर त्या भिंतीत तुमचा अर्धा वाटा आहे. हे त्यांना सांगा. आणि नुसते सांगून थांबू नका. सातबाऱ्यावर तुमचे नाव नसेल तर यजमानांच्या संमतीने ते लावून घ्या. त्यासाठी शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे चौकशी करा. मंदिराचा ट्रस्ट होणार असेल तर विश्वस्तांमध्ये तुमचे नाव पहिल्या दोघांत असले पाहिजे. मंदिरात येणारे दान आणि घरचा पैसा यांचे हिशेब आजपासून वेगळे ठेवा, म्हणजे उद्या कोणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.

प्रश्न : गाडगेबाबांच्या जिल्ह्यात राहून आम्ही एका माणसाच्या मंदिराचे कौतुक करावे का? त्या श्रमात आणि पैशात एखादी शाळाखोली झाली असती.
— एक शिक्षिका, तालुका अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर : गाडगेबाबा तुमच्याच तालुक्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ सालचा. आयुष्यभर कीर्तने करून, गावे झाडून त्यांनी जो पैसा जमवला त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा आणि अन्नछत्रे चालली. देव देवळात शोधू नका, असे ते कीर्तनातून सांगत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या मापाने मोजले तर एकट्याने वावरात बांधलेले मंदिर लहानच ठरेल, आणि हे माप खोटे आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या गावांत बरीच मंदिरे आज वर्गणीच्या सक्तीने, पुढाऱ्याच्या फलकाने आणि भोंग्याच्या आवाजाने उभी राहतात. जो म्हातारा कोणाकडे हात न पसरता, कोणाला न त्रासता, स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या घामाने चार भिंती उचलतो, त्याला त्यांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. त्याने शाळाखोली बांधायला हवी होती, हे आपण त्याला सांगू शकत नाही. शाळाखोली ही शासनाची आणि गावाची जबाबदारी आहे आणि ती न झाल्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे. मात्र पुढे त्या वास्तूचा उपयोग कसा व्हावा, हे गावाच्या हातात असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचा जो पाठ दिला त्यात जातीपातीची अट नव्हती. तुमच्या शेजारचे मंदिर पूर्ण होईल तेव्हा त्याच्या सभामंडपात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरवता येईल का, हे आताच त्या गृहस्थांना विचारून पाहा. भिंती चढत असतानाच विचारलेत, तर खिडक्या योग्य जागी येतील आणि विजेच्या दिव्यांची सोयही होईल.

प्रश्न : चंद्रपूरच्या लालपेठमधल्या प्रचंड मूर्ती आम्ही लहानपणापासून उघड्यावर पाहत आलो. बांधणारा मेला आणि देऊळ राहिले, असे म्हातारे सांगतात. माझे वडील आमच्या वावरात मंदिर बांधतात. त्यांच्या पश्चात त्याचे असेच होऊ नये म्हणून काय करावे?
— एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : लालपेठची परंपरा अशी सांगते, की रायप्पा नावाच्या धनिक कोमटी व्यापाऱ्याने महादेवाचे विशाल मंदिर बांधायचे योजले, त्यासाठी अखंड दगडांत अवाढव्य मूर्ती घडवून घेतल्या, आणि मंदिर होण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. ज्याच्याकडे धन आणि कारागीर दोन्ही होते त्याचेही काम त्याच्याबरोबर थांबले, कारण संकल्प एकाच माणसापाशी होता. गायेगो यांच्या बाबतीत निराळे घडले. अखेरच्या दिवसांत त्यांनी ती वास्तू एका सेवाभावी संस्थेकडे सोपवली, संस्थेने अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली, वास्तू भक्कम असल्याचा निर्वाळा मिळाला आणि काम पुढे सुरू झाले. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सायमन रोडिया या कामगाराने १९२१ ते १९५४ या काळात एकट्याने सुमारे ३० मीटर उंचीपर्यंतचे मनोरे उभारले. पुढे महापालिकेने ते धोकादायक ठरवून पाडायचा आदेश दिला, तेव्हा ते वाचवू पाहणाऱ्यांनी १९५९ मध्ये मनोऱ्यांवर दहा हजार पौंडांचा भार देऊन जाहीर चाचणी करवली. मनोरे हलले नाहीत आणि आदेश मागे घ्यावा लागला. पाडकामापासून ते वाचले ते या चाचणीमुळे.

तेव्हा वडील हिंडते-फिरते आहेत तोवर ही कामे उरकून घ्या. पहिल्यांदा जागा पाहा. मोजणी करून घ्या आणि मंदिराचा कोणताही भाग ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर, पांदणीवर किंवा रस्त्याच्या हद्दीत गेलेला नाही याची खात्री करा. सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि तिथे भक्तीचा दाखला चालत नाही. जागा स्वतःची असली तरी शेतजमीन आहे, म्हणून अकृषिक वापर आणि बांधकाम परवानगी यांबाबत काय करावे लागेल, हे तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लेखी विचारा व पोच घ्या. प्रार्थनास्थळासाठी जिल्हा प्रशासनाची वेगळी परवानगी लागते का, हेही त्याच वेळी विचारा. आधी बांधले आणि आता विचारतो, याचा संकोच बाळगू नका. वडिलांच्या पश्चात हेच प्रश्न नोटिसांच्या रूपात तुमच्याकडे येतील.

मग मालकीचा प्रश्न. मंदिर घरापुरते राहणार असेल तर वडिलांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून, ती जागा कोणाकडे राहील आणि पूजा कोण करील हे लिहून ठेवावे. पण गाव दर्शनाला येणार असेल, दानपेटी बसणार असेल, तर जागेचे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून ट्रस्ट स्थापन करावा आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज द्यावा. विश्वस्त सगळे एकाच घरातले नसावेत आणि त्यांत निदान दोन जण चाळिशीच्या आतले असावेत, म्हणजे पुढची वीस-पंचवीस वर्षे पाहणारे कोणी राहील.

शिखर भोवतालच्या शेतात सर्वांत उंच असेल तर त्यावर वीजरोधक बसवल्याशिवाय पावसाळ्यात तिथे लोक जमू देऊ नका. आपल्या भागात मृगाच्या सुरुवातीला वीज पडून दरवर्षी माणसे आणि गुरे दगावतात. तांब्याची पट्टी कळसापासून थेट जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत अखंड न्यावी आणि हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. वडिलांना सगळे स्वतःच्या हातांनी करायचे असेल, तरी हे एक काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवावे, असा आमचा आग्रह त्यांना कळवा.